शेततळ्यातला अमोनिया, द्राक्षबागेची माती, विहिरीतले स्फटिक: झिओलाइट कुठे चालतं आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडकडच्या एका शेतकऱ्याने ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यात पंगस मासा सोडलाय. टेस्ट किटवर अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम दिसतोय. दुकानदाराने २० किलो झिओलाइट टाकायला सांगितलं. द्राक्षबागेतही टाका, युरिया निम्म्यावर येईल, असंही वर म्हणाला. आणि विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, फिकट नारिंगी स्फटिक निघाले. गावातल्या कुणीतरी सांगितलं की हेच झिओलाइट, दळा आणि वापरा. या तिन्हींत खरं किती?

भाऊ, पहिल्यालाच उत्तर देतो: २० किलोने तुमच्या तळ्यातला अमोनिया किटला दिसेल इतकाही हलणार नाही. झिओलाइट खोटं आहे म्हणून नव्हे. ते फार कामाचं खनिज आहे, पण त्याची पकड मोजून असते आणि ती मोजायला कुणी बसत नाही. हिशोब खाली करतोच, आधी ते काम कसं करतं तेवढं पाहू.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा त्रिमितीय सांगाडा. त्यात अणूंच्या मापाच्या आरपार नळ्या असतात. सिलिकॉनच्या जागी जिथे अ‍ॅल्युमिनियम बसतो तिथे सांगाड्यावर एक ऋण भार उरतो, आणि तो भार फेडायला नळीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन बसतात, सोबत पाण्याचे रेणू. हे आयन सांगाड्याला पक्के जोडलेले नसतात. भरलेल्या एसटीसारखं समजा: जागा ठरलेल्या, एक उतरला तरच दुसरा बसणार. अमोनियम, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाचं धन भाराचं रूप, आत शिरतो तेव्हा बदल्यात सोडियम किंवा कॅल्शियम पाण्यात बाहेर पडतो. अमोनिया नाहीसा होत नाही, जागा बदलतो.

बाजारात मासे, शेती आणि पशुखाद्यासाठी जे नैसर्गिक झिओलाइट विकलं जातं ते बहुतेक क्लिनोप्टिलोलाइट असतं, निदान असायला हवं. आयनांच्या बाबतीत त्याची आवडनिवड ठरलेली आहे. सगळ्यांत आधी सीझियम, मग पोटॅशियम, अमोनियम, त्यानंतर स्ट्रॉन्शियम, सोडियम, कॅल्शियम, आणि खूप मागे मॅग्नेशियम. हा क्रम लक्षात ठेवला की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सीझियम सर्वांत पुढे, म्हणून इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या अणुइंधन केंद्रात १९८५ पासून कॅलिफोर्नियाच्या खाणीतलं क्लिनोप्टिलोलाइट वापरून पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम पकडतात. फुकुशिमाच्या २०११च्या अपघातानंतर झिओलाइट भरलेल्या गोण्या पाण्यात सोडल्या होत्या त्याही यासाठीच. आणि यादीत नायट्रेट, फ्लोराइड, फॉस्फेट दिसत नाहीत, कारण ते ऋण भाराचे. साधं झिओलाइट त्यांना हात लावत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून झिओलाइटचा फिल्टर घेऊ का, असं विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांना हेच सांगतो.

आता तुमचं तळं. ३० बाय ३० बाय ३ मीटर म्हणजे बाजूंचे उतार वजा जाता साधारण २० लाख लिटर पाणी. लिटरला २ मिलिग्रॅम म्हणजे तळ्यात एकूण ४ किलो अमोनिया-नायट्रोजन. चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटची धन आयन धरण्याची क्षमता १०० ग्रॅमला १०० ते १५० मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचा भार मोजायचं एकक) भरते. सगळ्या जागा अमोनियमने भरल्या तर किलोमागे १५ ते २० ग्रॅम नायट्रोजन बसेल. हे झालं कागदावर. तळ्यात अमोनियम २ मिलिग्रॅम आणि नाशिकच्या कठीण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे जागा वाटल्या जातात. किलोला ५ ग्रॅम धरतो, आणि हेही मी सढळ हाताने देतोय. २० किलोने १०० ग्रॅम पकडले. चार किलोतले शंभर ग्रॅम! किटवर २ होतं ते १.९५ झालं. रंगाच्या पट्टीवर हा फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही.

त्यात रोज भर पडते. दिवसाला २० किलो खाद्य, त्यात २८ टक्के प्रथिनं, म्हणजे जवळपास ९०० ग्रॅम नायट्रोजन रोज तळ्यात जातो. माशाच्या अंगी लागतो तो याचा लहान हिस्सा. उरलेल्यातला बराचसा गलफड्यांतून थेट अमोनिया होऊन बाहेर येतो, दिवसाला ४००-५०० ग्रॅम सहज. तुमचं पोतं पाच-सहा तासांत भरलं. पातळी २ वरून ०.५ वर आणायची तर ३ किलो नायट्रोजन काढावा लागेल, म्हणजे ६०० किलो झिओलाइट, आणि आठवड्याभरात परत तेवढंच.

मग टाकल्यावर पाणी सुधारल्यासारखं का वाटतं? बहुतेक वेळा त्याच दिवशी खाद्य बंद केलेलं असतं, एरेटर रात्रभर चाललेला असतो, वरून थोडं पाणीही बदललेलं असतं. शिवाय बारीक भुकटी गढूळपणा घेऊन तळाशी बसते आणि पाणी स्वच्छ दिसतं. श्रेय पोत्याला.

कोकणात खाजणात कोळंबी करणाऱ्यांची गोष्ट याहून सरळ आहे. निम्म्या खारटपणाच्या पाण्यातही सोडियम लिटरला पाच हजार मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पोटॅशियम शे-दोनशे. पोटॅशियम तर यादीत अमोनियमच्या वरच्या नंबरावर. अशा गर्दीत एक-दोन मिलिग्रॅम अमोनियमला जागा मिळणं अशक्य. खाऱ्या पाण्यात अमोनियासाठी झिओलाइट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

तुमच्या तळ्यात खरी भीती एकूण आकड्याची नाही. किट जो आकडा दाखवतं त्यात दोन रूपं असतात: अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही, आणि मुक्त अमोनिया, जो गलफडं जाळतो. कुणाचा हिस्सा किती ते सामू (पीएच) ठरवतो. पाणी २८ अंशांचं असताना सामू ७.५ असेल तर मुक्त अमोनिया दोन टक्क्यांच्या आसपास. तोच सामू दुपारी शेवाळामुळे ९ वर गेला की चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर तेच २, पण सकाळी मुक्त अमोनिया ०.०४ आणि दुपारी ०.८. म्हणून सामू दुपारी तीन-चारला मोजा, सकाळी सातला मोजून समाधान मानू नका. दुपारी ९ दिसला तर आधी खाद्य दोन-तीन दिवस बंद किंवा निम्मं करा. उपाशी राहून पंगस मरत नाही. एरेटर चालू ठेवा आणि शक्य असेल तर तळाचं पाणी काढून ताजं घ्या. काढलेलं पाणी बागेला द्या, त्यातला नायट्रोजन वाया जाऊ नये. गूळ किंवा मळी टाकून जिवाणूंकडून अमोनिया खाऊन घेण्याची बायोफ्लॉकची पद्धत चालते, पण १ किलो अमोनिया-नायट्रोजनला १५ ते २० किलो गूळ लागतो आणि तो फुकट पचत नाही, प्राणवायू ओढतो. रात्री वीज जाणार असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माशांच्या धंद्यात झिओलाइट खरंच उपयोगी पडतं ते कमी पाण्यात, गोड्या पाण्यात आणि थोड्या वेळासाठी. मत्स्यबीजाच्या पिशवीत लिटरमागे १० ते २० ग्रॅम धुतलेले दाणे टाकले की लांबच्या प्रवासात अमोनिया चढत नाही. हॅचरीच्या फिरत्या पाण्याच्या टाकीत, काचेच्या अ‍ॅक्वेरियममध्ये, नव्या फिल्टरमध्ये जिवाणू बसेपर्यंतच्या दोन-चार आठवड्यांत ते छान काम करतं. तिथे पाणी दाण्यांमधून सावकाश जातं आणि पाण्याच्या मानाने झिओलाइट भरपूर असतं. दाणे भरले की १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून त्यात दिवसभर भिजत ठेवायचे. सोडियमचा इतका लोंढा आला की अमोनियम जागा सोडतो. मग धुऊन परत वापरा. असं अनेकदा करता येतं. एक काळजी घ्या: अमोनियम भरलेले दाणे टाकीत असताना माशांच्या उपचारासाठी मीठ टाकू नका, पकडलेलं सगळं एकदम बाहेर येतं. संध्याकाळी मीठ आणि सकाळी तरंगणारे मासे, हे पुष्कळांच्या टाक्यांत घडलंय.

विकत घेतलेलं पोतं खरं आहे की नाही ते घरीच पाहता येतं, आणि पाहाच. तपासायला दिलेल्या नमुन्यांत नुसती माती किंवा फेल्डस्पार (खडकांतलं एक साधं खनिज) निघालेली पोती मी पाहिली आहेत, छपाई मात्र सुंदर. अमोनियम सल्फेट ५ ग्रॅम घेऊन १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलिलिटर तुमच्याच विहिरीच्या १ लिटर पाण्यात टाका, झालं लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रोजनचं पाणी. अशा दोन बाटल्या करा. एकीत धुतलेलं झिओलाइट १० ग्रॅम टाका, दुसरी तशीच ठेवा. तासभर अधूनमधून हलवा, निवळू द्या, वरचं पाणी कापडातून गाळून किटवर पाहा. किटची पट्टी दहापर्यंत जात नसेल तर दोन्ही पाणी सारख्याच प्रमाणात पातळ करा. चांगला माल असेल तर आकडा निम्म्याच्याही खूप खाली जातो. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसल्या तर पोतं परत करा. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून चहासारखा गढूळ काढा झाला आणि तासाभरानेही बसला नाही तर चिकणमाती जास्त आहे. लिंबू पिळल्यावर फेस आला तर चुनखडी. मोठी खरेदी असेल तर विद्यापीठात पावडर एक्सरे डिफ्रॅक्शन करून घ्या, क्लिनोप्टिलोलाइटचे टक्के कळतात.

द्राक्षबागेचं. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन जवळपास ८ लाख किलो. तुमच्याकडची काळी माती स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीची, तिची स्वतःचीच धन आयन धरण्याची क्षमता १०० ग्रॅमला ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट. त्यात एकरी २०० किलो झिओलाइट टाकून एकूण क्षमतेत वाढ होते एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. युरिया निम्म्यावर कसा येणार? शिवाय युरियाचा रेणू भाररहित असतो, झिओलाइट त्याला धरतच नाही. जमिनीतल्या युरिएज या विकराने त्याचं अमोनियम केल्यावरच तो पकडीत येतो, आणि जिवाणूंनी पुढे नायट्रेट केला की पुन्हा सुटतो. झिओलाइट पाणी धरतं हेही अर्धंच खरं. नळ्यांतलं पाणी इतकं घट्ट बसलेलं असतं की मुळं ते ओढू शकत नाहीत, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतही ते पुरतं निघत नाही. मुळांना मिळतं ते दाण्यांतल्या मोठ्या छिद्रांमधलं पाणी, आणि तेवढं तर शेणखतही देतं.

हेच गणित जांभ्याच्या किंवा मुरमाड जमिनीत बदलतं. तिथे मातीची स्वतःची क्षमता फार कमी, पावसात खत वाहून जातं. तरी सबंध वावरात पसरण्यापेक्षा खड्ड्यात, रोपवाटिकेच्या पिशवीत, कोकोपीटच्या मिश्रणात ५ ते १० टक्के घातलं तर फरक दिसतो, कारण तिथे प्रमाण खरोखर जमतं. नासाने अंतराळात रोपं वाढवण्यासाठी क्लिनोप्टिलोलाइट आणि अ‍ॅपेटाइट यांचं मिश्रण बनवलं ते याच तत्त्वावर: अमोनियम आणि पोटॅशियम भरलेले दाणे मुळांना हळूहळू अन्न सोडतात. तुमच्या हॅचरीतले किंवा शेडमधले अमोनियम भरलेले दाणे मिठात न धुता रोपवाटिकेत घाला, तेच उत्तम. मिठात धुतलेले मात्र बागेत कधीही नको. सोडियम द्राक्षाला सोसत नाही, आणि काळ्या मातीला तर अजिबात नाही.

गोठा आणि कोंबडी शेड ही झिओलाइटची मला सर्वांत पटलेली जागा. तुसावर भुरभुरलं की अमोनियाचा डोळे झोंबणारा वास उतरतो, खत उकिरड्यात जातं तेव्हा नायट्रोजन उडून न जाता त्यातच राहतो. पशुखाद्यात युरोपीय संघाने २०१३ मध्ये गाळाच्या खडकातल्या क्लिनोप्टिलोलाइटला परवानगी दिली ती किलोला १० ग्रॅमच्या मर्यादेत आणि तंतू व गारगोटी नसण्याच्या अटीवर. म्हणजे पोत्यावर शुद्धता लिहिलेली नसेल तर ते खाद्यात घालू नका. खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिनसाठी, म्हणजे बुरशीच्या विषासाठी, बेंटोनाइट ही चिकणमाती जास्त भरवशाची. माणसांसाठी 'शरीरशुद्धी'च्या झिओलाइट कॅप्सूल निघाल्यात, त्यांच्यावर मी पैसे घालणार नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, झिओलाइट परदेशातून विमानाने आणल्याच्या बातम्या वाचल्या असतील. ते वेगळं. ऑक्सिजन प्लांटमध्ये कारखान्यात बनवलेले झिओलाइटचे मणी लागतात. ते दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. कपड्यांच्या पावडरीतलं झिओलाइटही कृत्रिमच.

राहिले विहिरीतले स्फटिक, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच अडकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर झिओलाइट वाढत गेलं. नाशिक, जळगाव, राहुरी, पुणे या पट्ट्यातले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदताना निघालेले नमुने एकोणिसाव्या शतकातच युरोपात गेले. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुम्हाला घराजवळच आहे, एकदा जाऊन आपले दगड ताडून पाहा.

ओळखायला साधन फार लागत नाही. फिकट नारिंगी, मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे गुच्छ असतील तर स्टिल्बाइट. मोत्यासारखी चकाकी आणि शवपेटीच्या आकाराचे जाड पत्रे म्हणजे ह्यूलँडाइट. सुयांचे पांढरे झुबके म्हणजे स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. काचेसारखे स्वच्छ किंवा हिरवट, चौकोनी अंगाचे स्फटिक बहुधा अ‍ॅपोफिलाइट, आणि ते सोबत सापडतं म्हणून लोक झिओलाइट म्हणतात, पण ते झिओलाइट नाही. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हन्साइटही झिओलाइट नाही. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस आला तर कॅल्साइट. स्टिल्बाइटचा तांदळाएवढा तुकडा परीक्षानळीत तापवला तर तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात. स्वीडनच्या क्रॉनस्टेटने १७५६ मध्ये हेच पाहून या गटाला नाव दिलं. करून पाहाल तर डोळ्यांवर चष्मा हवा.

दळायचं का? नको. पोत्यातलं क्लिनोप्टिलोलाइट ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून येतं. तिथे सबंध खडकच झिओलाइटचा असतो आणि स्फटिक मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके बारीक, त्यामुळे आयन झटकन आत-बाहेर करतात. आपल्या पाषाणात झिओलाइट पोकळ्यांपुरतं. ते वेचून, फोडून, दळून जे हाती येतं ते कॅल्शियमने भरलेलं आणि सावकाश काम करणारं. ह्यूलँडाइटचा सांगाडा क्लिनोप्टिलोलाइटसारखाच असला तरी सिलिका कमी असल्याने तापवल्यावर तो ४५० अंशांच्या आसपास कोसळतो, तर क्लिनोप्टिलोलाइट ७०० अंशांपर्यंत टिकतं. चांगला अखंड नमुना संग्राहकाकडे जी किंमत मिळवतो त्याच्यापुढे भुकटीचा भाव काहीच नाही. काढताना छिन्नी स्फटिकापासून लांब ठेवा, भोवतालचा दगड सोबत राहू द्या, आम्लाने धुऊ नका. पांढरा, भुसभुशीत होऊन हातावर चुरा पडणारा निघाला तर तो लॉमॉन्टाइट. हवा लागताच त्यातलं पाणी उडतं आणि तो झडतो, त्याच्यामागे लागू नका.

दळण्याला नकार देण्याचं आणखी एक कारण आहे. झिओलाइटच्या गटातच एरिओनाइट नावाचं एक तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियात कराइन, तुझकोय या गावांत घरांच्या दगडांत ते होतं आणि तिथे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, घराघरांत झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदवलंय. क्लिनोप्टिलोलाइटला तसा दोष नाही, पण विहिरीतून निघालेल्या केसासारख्या पांढऱ्या तंतूंचं नाव नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. असा झुबका दिसला तर ओला करून डबीत बंद करा, घासू-फुंकू नका. विकतची भुकटी पसरतानाही एन-९५ मास्क लावा आणि वाऱ्याकडे पाठ ठेवा. दाणेदार माल मिळत असेल तर भुकटी घेऊच नका.